येतानाचं अंतर

१

सदतीस ते एकशे दोन : एक हजार दोनशे बारा किलोमीटर. एक तास पन्नास मिनिटं.

हा आकडा तिला स्वतःच्या फोन नंबराइतका पाठ होता. घरी तिला धाकटी म्हणत आणि कचेरीत फूटपट्टी. दोन्ही नावं तिला शोभायची. घरी तिच्याहून मोठी एक ताई होती, आणि कचेरीत तिच्याइतकं काटेकोर दुसरं कोणी नव्हतं.

कचेरीचं काम सांगायला सोपं होतं. एक ते दोनशे चौदा क्रमांकांच्या विमानतळांचं एक चौकोनी कोष्टक. डावीकडे 'कुठून', वरच्या ओळीत 'कुठे', आणि प्रत्येक चौकटीत दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ. तिकिटं विकणारे, माल पाठवणारे, वैमानिकांच्या पाळ्या लावणारे, सगळे हेच कोष्टक वापरत. वेळ वाऱ्याप्रमाणे बदलतो, म्हणून तो जाताना वेगळा आणि येताना वेगळा लिहायचा. अंतराला मात्र वारा लागत नाही. त्यामुळे कोष्टकाचा वरचा अर्धा भागच मोजून भरला जाई आणि खालचा अर्धा भाग एका बटणाने त्याच्यावरून उतरवला जाई. त्या बटणाला कचेरीत आरसा म्हणत. जाण्याइतकंच येणं. एवढ्या एका वाक्यावर पृथ्वीची निम्मी अंतरं उभी होती, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

विमान उतरलं की त्याने स्वतः मोजलेलं अंतर पाचेक मिनिटांत कचेरीत येई. त्याला कच्चा आकडा म्हणत. धाकटीने रोज कच्चे आकडे कोष्टकाशी ताडून पाहायचे आणि बारीकसारीक फरक दिसला की आरसा मारून मोकळं व्हायचं.

त्या मंगळवारी एकशे दोन ते सदतीस या परतीच्या विमानाचा आकडा आला : एक हजार दोनशे एकोणीस. सात किलोमीटर जास्त. एखादा ढग टाळला असेल. तिने आरसा मारला, आणि दुपारचा डबा उघडला.

एकशे दोन म्हणजे ताईचं गाव. ताईचा पाय मोडला होता, म्हणून आई महिनाभर तिच्याकडे राहायला गेली होती. पुढच्या बुधवारच्याही पुढचा बुधवार, सकाळी नऊ चाळीसचं विमान, साडेअकराला आई घरी परत. धाकटी दिवस मोजत होती, कारण आई नसताना घरातलं घड्याळसुद्धा मोठ्याने वाजतं, असं तिला वाटायचं.

२

बुधवारी एकवीस किलोमीटर जास्त आले. गुरुवारी त्रेसष्ट. तिने तिन्ही दिवस आरसा मारला. शुक्रवारी एकशे एकोणनव्वद किलोमीटर जास्त आले तेव्हा मात्र तिचा हात बटणावरच थांबला.

शेजारच्या टेबलावर गणित्या बसायचा. त्याला हाक मारून तिने चारही आकडे दाखवले. त्याने खुर्ची सरकवली, चष्मा वर केला आणि म्हणाला, की वाटेत वैमानिकाची सासुरवाडी असेल, चहाला वळत असेल. धाकटी हसली नाही. तिने विचारलं, मग वेळ का वाढत नाही? रोज एक तास पन्नास मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. जास्त अंतर तेवढ्याच वेळात कापायचं तर विमान जास्त वेगाने उडायला हवं, आणि वेगाचा आकडाही नेहमीचाच होता.

गणित्याला गप्प बसवणं सोपं नव्हतं. त्याने विमानातलं यंत्र बिघडलं असेल असं म्हणून पाहिलं. तिने दाखवलं, की या मार्गावर दोन विमानं आलटूनपालटून जातात आणि दोन्ही तेच सांगतात. शिवाय तीच विमानं दुपारी दुसरीकडे जातात तेव्हा अचूक मोजतात. जातानाचं अंतरही अचूक : बाराशे बारा, रोज. फुगत होतं ते फक्त येतानाचं.

मग तिने सात, एकवीस, त्रेसष्ट, एकशे एकोणनव्वद असं एकाखाली एक लिहिलं. गणित्याने ते पाहिलं आणि चष्मा परत खाली केला.

"रोज तिप्पट," तो म्हणाला.

"वारा तीनने गुणत नाही," धाकटी म्हणाली.

शनिवारी पाचशे सदुसष्ट आले. रविवारी तिला सुट्टी होती. घर झाडताना, कपडे वाळत घालताना, ती मनातल्या मनात एकच आकडा म्हणत राहिली, आणि सोमवारी कचेरीत जाऊन पाहिला तर तोच होता : एक हजार सातशे एक. बरोबर आल्याचा आनंद होतो माणसाला. तिने आकडा तळहाताने झाकून टाकला.

३

मोठ्या बाई त्या विभागाच्या प्रमुख. बावीस वर्षं कोष्टक सांभाळलेल्या, कडक, पण मनाने वाईट नव्हत्या. धाकटीने त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि एका दमात सांगितलं, की हा मार्ग तपासून होईपर्यंत बंद ठेवायला हवा.

बाईंनी कागद नीट वाचला. मग त्यांनी विचारलं, विमान वेळेवर उतरतं का? उतरतं. इंधन जास्त लागतं का? नाही. एखाद्या प्रवाशाची तक्रार? एकही नाही.

"मग बंद काय म्हणून करायचं? लोक घड्याळ बघतात गं, अंतर कोण मोजतंय."

"पण ते अंतर कोणीतरी कापतंय, बाई."

बाईंनी कागद मिटला. सध्या घरी कोणी नाही का, असं त्यांनी मायेनेच विचारलं. आकड्यांकडे एकटक बघत बसलं की आकडे माणसाकडे बघायला लागतात, त्यांनाही एकदा असं झालं होतं, दोन दिवस रजा घे, वगैरे. शेवटी त्यांनी एक अर्ज दिला. सात पानांचा, आणि पहिल्याच रकान्यात विचारलं होतं : 'नुकसान कोणाचे झाले?'

धाकटी त्या रकान्यापुढे बराच वेळ बसली. जगात जे काही बिघडतं ते आधी कुठल्यातरी रकान्यात बसवावं लागतं, आणि बसलं नाही तर ते बिघडलेलंच नसतं. याची तिला कॉलेजात असल्यापासून चीड होती. त्या दिवशी त्या चिडीखाली प्रथमच भीती होती. तिने लिहिलं, 'अद्याप माहीत नाही', आणि अर्ज बाईंच्या टेबलावर ठेवून आली.

४

माहीत करून घ्यायला मंगळवारी ती विमानतळावर गेली. सदतीस म्हणजे तिच्याच शहराचा विमानतळ, कचेरीपासून अर्ध्या तासावर.

साडेअकराला विमान उतरलं. आगमनाच्या कठड्यापाशी नेहमीचीच गर्दी होती : हातात पाट्या धरलेले चालक, घड्याळ बघणारे नवरे, लेकरांना कडेवर घेतलेल्या आज्या. दार उघडलं आणि प्रवासी येऊ लागले. धाकटीने स्वतःला समजावलं होतं, की काही दिसणार नाही. आणि तसं काही दिसलंही नाही. फक्त सगळे दमलेले होते. पावणेदोन तासांच्या सकाळच्या प्रवासानंतर एखाददुसरा जांभई देतो. इथे शंभरेक माणसं लाल डोळ्यांनी, पाय ओढत चालत होती. एका तरुणाने भिंतीला पाठ टेकवली आणि उभ्याउभ्याच झोपला.

तिने एका बाईंना गाठून विचारलं, की प्रवास कसा झाला.

"छान झाला. वेळेवर आलो की," बाई म्हणाल्या, आणि मग जरा गोंधळून विचारलं, "आज वार कोणता?"

कचेरीत परतली तेव्हा कच्चा आकडा येऊन पडला होता. सोळा हजार पाचशे एकवीस किलोमीटर. तिने तो विमानाच्या नेहमीच्या वेगाने भागला. चढणं-उतरणं सोडून तासाला आठशे धरले तर वीस तास होत होते.

घड्याळाप्रमाणे एक तास पन्नास मिनिटं. आणि आत वीस तास. हे कागदावर मांडल्यावर तिने तो कागद उलटा करून ठेवला, जणू तो कोणी वाचला असता तर लाज वाटली असती.

५

गुरुवारी आकडा आलाच नाही. त्या रकान्यात पाच अंक मावत. सहा अंकी संख्या आली की यंत्र ती चुकीची समजून टाकून देई आणि तिथे आपोआप आरसा मारी. त्यामुळे चौकटीत पुन्हा शांतपणे बाराशे बारा दिसत होते.

गणित्या मोकळेपणाने हसला. झालं की नाही ठीक, म्हणाला, उगाच घाबरवलंस. त्या हसण्यात इतकी सुटका होती, की धाकटीला कळलं, तोही रोज रात्री हाच हिशोब करत असणार. आता आकडा दाखवणारं कोणी नव्हतं. तो तिचा तिलाच काढायचा होता.

तिने काढला. गुरुवारी सात दिवस. शुक्रवारी तीन आठवडे. शनिवारी दोन महिने. रविवारी साडेसहा. सोमवारी एकोणीस महिने. मंगळवारी पावणेपाच वर्षं. आणि बुधवारी, नऊ चाळीसच्या विमानाने, चौदा वर्षं.

शुक्रवारी ती परत विमानतळावर गेली. आपण चुकतो आहोत हे डोळ्यांनी पाहावं, मग बाईंच्या सांगण्याप्रमाणे खुशाल रजा घ्यावी, असं ठरवून गेली.

दार उघडलं. प्रवासी आले, आणि पांगले नाहीत.

ते कठड्याच्या आतल्या बाजूला एकत्र उभे राहिले. सामान त्यांच्यासमोर पट्ट्यावर गोल फिरत होतं आणि कोणी ते उचलत नव्हतं. कपडे नीटनेटके, दाढ्या सकाळी केलेल्या, एका बाईच्या केसांना अजून पाण्याचा ओलावा होता. त्या शरीरांवर तीन आठवडे कुठेच दिसत नव्हते. दिसत होतं ते वेगळंच. ते एकमेकांच्या फार जवळ उभे होते. एकाच घरात राहणारी माणसं उभी राहतात तसे, धक्का लागला तरी माफी न मागता. एका म्हाताऱ्याच्या सदऱ्याचं बटण एक अनोळखी पोर लावून देत होती आणि तो सवयीने मान वर करून उभा होता.

एक तीनेक वर्षांची मुलगी या कडेवरून त्या कडेवर जात होती. कठड्याबाहेरून तिच्या बापाने तिला हाक मारली. हसत, हात पसरून. मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि ज्या बाईच्या कडेवर होती तिच्या मानेत तोंड लपवलं. ती बाई तिची आई नव्हती. आई शेजारीच उभी होती, आणि तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

बाप अजून हसत होता. त्याचे हात पसरलेलेच होते, फक्त ते खाली कधी घ्यायचे ते त्याला कळत नव्हतं.

मग कोणीतरी पट्ट्यावरची पहिली बॅग उचलली आणि ते पांगले. पाच मिनिटांत सगळं नेहमीसारखं झालं.

६

ताईला फोन करून तिने सगळं खरं सांगितलं. रोज तिप्पट, वीस तास, बटण लावून देणारी पोर, सगळं. ताई आधी हसली. मग तिच्या आवाजात तो मोठ्या बहिणीचा जड सूर आला. झोपतेस का नीट? जेवतेस का? तू लहानपणीही अशीच होतीस, जिन्याच्या पायऱ्या चढताना एक आकडा आणि उतरताना दुसराच मोजायचीस आणि रडायचीस. धाकटीला हे आठवत नव्हतं. ताई म्हणाली, आठवणार कसं, चार वर्षांची होतीस.

एकशे दोनहून विमान फक्त सदतीसलाच येई; त्याखेरीज परत यायला एकच वाट होती. मधे समुद्र. दर शुक्रवारी एक बोट निघे, ती चार दिवसांनी पोचे. रविवारी धाकटीने आईला फोन लावला आणि बोटीचं गोड गोड वर्णन केलं. डेकवर ऊन, मोकळी हवा, सूर्यास्त.

आईने पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. मुलं काहीतरी लपवतायत हे तिला वर्गात शिरतानाच कळायचं.

"अगं, मला बसमध्ये उलट्या होतात, आणि तू मला चार दिवस पाण्यात घालतेस? पावणेदोन तासात येते की घरी. एक झोप काढली की संपलं."

"आई, मी सांगते म्हणून."

"कशाला पण? काही कारण सांगशील की नाही?"

कारण होतं. ते जिभेवर आलं होतं. धाकटीने ते आईच्या कानांनी ऐकून पाहिलं, आणि गिळलं. आई हसली असती तर चाललं असतं. पण आई हसली नसती. ती काळजीत पडली असती, आणि काळजीत पडलेली आई पहिल्या विमानाने निघाली असती. एवढं तिला कळत होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी तिने जे केलं त्याला क्षमा नाही.

७

सोमवारी तिने स्वतः तिकडे जाण्याचं ठरवलं. जाताना धोका नव्हता. तिथे गेल्यावर आईच्या पाया पडेन, भांडेन, पासपोर्ट लपवीन, काहीही करून शुक्रवारच्या बोटीत बसवीन. पण जाणारी विमानं भरलेली होती. जागा मिळाली ती गुरुवारची. आईचं विमान बुधवारी. मधला एक दिवस कसाही करून ढकलायचा होता.

संध्याकाळी कचेरी सुटताना, जिन्यात उभं राहून तिने फोन लावला. आवाज मुद्दाम खोल केला.

"आई, तू बुधवारी येऊ नकोस. मला ताप आहे. साथीचा आहे, डॉक्टर म्हणाले कोणाला जवळ येऊ देऊ नका. तुला लागेल. चार दिवस थांब."

मग आईने विचारलं, ताप किती आहे? धाकटी म्हणाली, एकशे दोन. तोंडात तोच आकडा होता, तो बाहेर आला.

"पाणी पितेस का?"

"पिते."

"बरं," आई म्हणाली. "झोप तू. मी नाही येत."

धाकटीने फोन खाली ठेवला आणि पायरीवर बसून हसत सुटली. आईला आपण फसवू शकलो, या आनंदात तिला एवढंही सुचलं नाही, की लेक एकटी तापाने फणफणतेय हे ऐकून शांतपणे 'बरं' म्हणणारी आई तिने आजवर पाहिली नव्हती.

८

मंगळवारी धाकटी रजा घेऊन घरी होती. सकाळी नऊ पन्नासला ताईचा फोन आला. ताई खुशीत होती.

"ऐक, मी सांगितलं असं म्हणू नकोस हां. आई निघालीसुद्धा. काल तुझा फोन ठेवला आणि तिकीट बदलून घेतलं. मला म्हणाली, पोरीला तिकडे कोण पाणी देणार. आता आकाशात असेल बघ. तू दार उघडायला गेलीस की एकदम समोर."

ताई पुढे काय म्हणाली ते धाकटीने ऐकलं नाही.

तिने विमानतळावर फोन लावला. विमान परत फिरवा म्हणाली. का, असं विचारलं गेलं. तिने कारण सांगितलं. पलीकडच्या माणसाने अतिशय सभ्यपणे फोन ठेवला. तिने मोठ्या बाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि फक्त म्हणाल्या, "मी आज सकाळी रकाना मोठा करून पाहिला." त्यांच्या श्वासाचा आवाज येत राहिला.

घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. धाकटी टॅक्सीत बसली.

डोकं आपोआप हिशोब करत होतं, त्याला थांबवायचं बटण नव्हतं. पावणेपाच वर्षं, एकशे दहा मिनिटांत. मिनिटाला सोळा दिवस. टॅक्सी एका सिग्नलला दोन मिनिटं थांबली, तेवढ्यात आईचा महिना गेला. चालकाने वाटेत खिडकी खाली करून एकाला रस्ता विचारला, पंधरा दिवस. पुलावर गर्दी होती. धाकटी 'लवकर चला' म्हणत होती आणि तिला कळत होतं, की लवकर जाऊन काही उपयोग नाही, विमान साडेअकरालाच येणार. तिला धावता येत होतं, ओरडता येत होतं, आणि त्यातलं काहीच तिकडे पोचत नव्हतं. पुलाच्या कठड्यापाशी एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. त्याची साखळी बसेपर्यंत आईने एक ऋतू काढला.

आणि या सगळ्यात मनाच्या एका कोपऱ्यात एक हलकट समाधानही होतं. उद्याची चौदा वर्षं होती. आज पावणेपाच आहेत. त्या कोपऱ्याचा तिला इतका तिटकारा आला, की तिने स्वतःच्या दंडाला नखं रुतवली.

साडेअकराला तीन मिनिटं कमी असताना ती कठड्यापाशी पोचली. फलकावर लिहिलं होतं : 'वेळेवर'.

९

दार उघडलं आणि बराच वेळ कोणीच आलं नाही.

न्यायला आलेली माणसं माना उंचावून पाहत होती. दाराआडून कुजबुज नाही, सामानाच्या चाकांची खडखड नाही. एक सुरक्षारक्षक आत डोकावला आणि बाजूला झाला.

मग ते आले. दोन दोन, तीन तीनच्या रांगेत, बसायच्या जागांच्या क्रमाने. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा हात धरलेला. कोणी बोलत नव्हतं. शंभरेक माणसांची पावलं इतकी एकसारखी पडत होती, की पलीकडे रडणारं कोणाचं तरी बाळ थांबलं. हवाई सुंदरी सगळ्यांच्या मागून येत होती, अनवाणी, बूट हातात घेऊन.

सतराव्या रांगेत आई होती.

केस तेच, तसेच बांधलेले. कपड्यांची इस्त्री मोडलेली नव्हती. हातातली पिशवी धाकटीनेच शिवून दिलेली. धाकटीने कठड्याखालून वाकून आत धाव घेतली, कोणी अडवलं नाही. तिने आईचे दोन्ही खांदे धरले. खांदे उबदार होते. आई होती. आई आली होती.

आईने तिच्याकडे पाहिलं आणि गोड हसली. मग शेजारच्या बाईचा धरलेला हात दोनदा थोपटून सोडला, आणि धाकटीच्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाली,

"सतरा अ वाले काका गेले गं."

"कुठे गेले?"

आईने तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न. "गेले. झोपेतच. दुसऱ्या वर्षी."

धाकटीने मान वळवली. आईच्या शेजारच्या शेजारी, खिडकीकडच्या जागी जो बसला असेल तो साठीचा गृहस्थ तिथेच उभा होता. राखी कोट, हातात छोटी बॅग. त्याच्याभोवती, त्या सगळ्या दाटीत, एक वीतभर रिकामी जागा होती. फक्त त्याचाच हात कोणी धरलेला नव्हता. त्याची बायको त्याला न्यायला आली होती. ती हसत पुढे झाली, तिने त्याच्या दंडाला हात लावला, आणि तो हात तिने लगेच काढून घेतला. ती तिथेच उभी राहिली, आपल्या तळव्याकडे बघत.

"आई, ते काय उभे आहेत ना तिथे."

आईने तिकडे वळून पाहिलं नाही. "ते ते नव्हेत," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी मिळूनच त्यांना..." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "विमानात माणसाला ठेवायला जागा ती किती."

पुढे विचारण्याइतकं धैर्य धाकटीत नव्हतं, आणि राखी कोटातला गृहस्थ आता त्यांच्याकडे पाहत होता. तिने आईची पिशवी घेतली, आईचा दंड धरला आणि बाहेरच्या दाराकडे चालू लागली. आई मुकाट्याने चालली. दरवाजातून ऊन येत होतं. आईने उन्हाकडे पाहिलं, पण डोळे बारीक केले नाहीत.

बाहेर एक बाक होता. धाकटी आईला तिथे बसवून तिच्यासमोर उकिडवी बसली, आईचे दोन्ही हात तिने आपल्या हातात घेतले, आणि सांगून टाकलं.

"आई, मला ताप नव्हता. मी खोटं बोलले. तू येऊ नयेस म्हणून."

"हो," आई म्हणाली. "तू हे सांगतेस."

"कधी सांगितलं मी?"

"नेहमीच सांगतेस की. आधी हे सांगतेस, मग रडतेस. मग मी म्हणते, असू दे." तिने धाकटीच्या गालावरून हात फिरवला. रोज संध्याकाळी त्याच वेळी येणाऱ्या पाखराला दाणे टाकावेत तितक्या सरावाने. "सुरुवातीला मी फार हट्ट करायचे, की जाऊ नकोस, थांब. आता नाही करत. येतेस, तेवढं पुष्कळ आहे."

"आई, आपण पोचलोय. खरंच पोचलोय. ही बघ मी. हा रस्ता बघ."

आईने कौतुकाने रस्त्याकडे पाहिलं. टॅक्स्या, पाट्या, एक बस, उतरणारी माणसं.

"आज फार छान झालंय," ती म्हणाली. मग बाकावर थोडी सरकून तिने शेजारी जागा केली, आणि तिथे हाताने थोपटलं.

"बस. आज किती वेळ आहेस?"